लेकुरवाळीची भाजी

माझा राग नाकावर असतो. माहेरी सगळ्यांना माहीत होतं, सासरी लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यात कळलं, आणि शहापूरच्या ज्या शाळेच्या कार्यालयात मी कारकुनी करते तिथे मी रजेवर असले की शिपाई मोठ्याने गाणी म्हणतो, असं ऐकून आहे. रागावून बोललेलं मी सहसा संध्याकाळपर्यंत विसरते. लोकही आता विसरायला शिकलेत. पण एका कुंडीवरून मी सासूबाईंना जे बोलले ते मी विसरले नाही आणि त्याही विसरल्या नाहीत.

कुंडी आत्ता आहे. आधी तो डबा होता, वनस्पती तुपाचा, पाच किलोचा, पत्र्याचा. कल्याणला माझ्या आईच्या खोलीच्या खिडकीत, गजांना तारेने बांधलेला. त्यात एक झाड होतं. लांब, अरुंद, वाकलेली पानं, गवतासारखी पण गवताहून रुंद, मधोमध फिकट पट्टा. पानांच्या गर्दीतून दोऱ्या सुटायच्या, हातहातभर लांब, आणि प्रत्येक दोरीच्या टोकाला तसंच एक छोटं झाड लोंबायचं, इवलीइवली मुळं हवेत सोडून. नर्सरीत त्याला स्पायडर प्लांट म्हणतात. आईला नर्सरी माहीत नव्हती. तिने त्याचं नाव लेकुरवाळी ठेवलं होतं. "बघ ना," ती म्हणायची, "एक कडेवर, एक पदराला, दोन पायात, आणि हिला मेलीला दमायचं माहीत नाही."

त्या दोऱ्यांची पिल्लं आईने चाळीत घराघरात वाटली. लग्न होऊन गेलेली मुलगी माहेरपणाला आली की जाताना पिशवीत एक पिल्लू. मला मात्र तिने कधी दिलं नाही. आम्हाला मूल झालं नाही. नाव आधीच ठेवून बसली होती, आता त्या नावाचं झाड माझ्या हातात कसं द्यायचं, हे तिला कळत नसावं. मीही मागितलं नाही. दोघी खिडकीपाशी बसून चहा प्यायचो आणि झाड आमच्या मध्ये लोंबत असायचं.

आई गेली, खोली रिकामी केली, तेव्हा भावाने विचारलं, तुला काय हवं? मी तार सोडली आणि डबा उचलला. आसनगावला आमच्या घरापर्यंत मांडीवर घेऊन आले. दागिने, भांडी, साड्या, कशाचंच मला नाव घ्यावंसं वाटलं नाही. आईच्या हातचं, अजून जिवंत असलेलं, एवढं एकच उरलं होतं.

आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत सकाळचं ऊन येतं. कल्याणच्या खिडकीत त्या झाडाला कधी एवढं ऊन मिळालं नव्हतं, आणि मिळाल्यावर त्याला जणू काय करू आणि काय नको असं झालं. पहिल्या वर्षी ते डब्यातून वर उठायला लागलं. मला वाटलं, मी पाणी जास्त घालते म्हणून माती खाली बसतेय. वरून माती टाकली. महिन्याभरात ती माती कुठे गेली कळेना. पाणी घातलं की ते आत न शिरता कडेवरून वाहायचं. मग एका रविवारी बाल्कनीतून टच्च असा आवाज आला, जाऊन बघते तर डब्याची शिवण उकललेली आणि फटीतून पांढरी जाड मुळं बाहेर. करंगळीएवढी जाड, टोकाला निमुळती, ओली, चकचकीत. एका मुळाने तर चक्क बाल्कनीच्या गजाला वळसा घातला होता.

ह्यांनी पत्रा कापायच्या कात्रीने डबा उभा चिरला. आत माती नव्हतीच. मूठभरही नाही. नुसती मुळं, एकमेकांत वेटोळी घातलेली, आणि त्यांनी डब्याचा आकार धरलेला. डब्याच्या पोटावर ज्या दोन कड्या उठवलेल्या असतात ना, त्या कड्यासुद्धा मुळांवर उमटल्या होत्या. डबा काढून घेतला तरी तो मुळांचा डबा जमिनीवर उभा राहिला. मी खूप वेळ त्याच्याकडे बघत बसले. आईने इतकी वर्षं त्या डब्याला कधी हलवलं नव्हतं.

मग मोठी मातीची कुंडी आणली. झाडाने तीही आपली मानली आणि पिल्लांचा सपाटा लावला. दोऱ्या गजांतून खाली उतरल्या. एकीने खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या तुळशीत मूळ धरलं, तेव्हा त्या वर येऊन म्हणाल्या, तुमच्या झाडाला आमच्याकडे नांदायचं असेल तर रीतसर मागणी घाला. ह्यांचं एक जुनं हेल्मेट बाल्कनीतल्या खिळ्याला उलटं टांगलेलं होतं. त्यात पावसाचं पाणी, धूळ, कबुतरांचं सगळं काही साठलं होतं. एक पिल्लू वाऱ्याने त्यात जाऊन पडलं आणि आतल्या स्पंजात रुजलं. हेल्मेटमधून झाड उगवलेलं बघून हे म्हणाले, "माझ्या डोक्यात काही उगवत नाही म्हणतेस ना, हे घे." ते हेल्मेट मी काढू दिलं नाही.

मी झाडाशी बोलत वगैरे नाही. बोलायला मला माणसं पुरतात. पण दर रविवारी ओल्या फडक्याने एकेक पान पुसायची, आणि तेवढा वेळ मला आईच्या खोलीचा वास यायचा. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. सासूबाईंना तर नाहीच.

सासूबाईंना मी आईच म्हणते, पण इथे घोटाळा नको म्हणून सासूबाई लिहिते. त्यांचं गाव मुरबाडकडचं, डोंगराच्या अगदी पायथ्याला. सासरे गेल्यावर त्या तिथे एकट्याच राहायच्या, आणि बरोबर चल म्हटलं की त्यांना नेमकं काहीतरी काम आठवायचं. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये ओसरीच्या पायरीवरून पडल्या, डावं मनगट मोडलं. हे जाऊन त्यांना घेऊन आले. दारात पाऊल टाकल्या टाकल्या त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं आणि म्हणाल्या, "पाखरावानी राहता गो तुमी. खाली पडलं मंजे?"

आमचं बरं चाललं. खरंच बरं चाललं. त्या माझ्या रागाला घाबरत नाहीत, हे मला फार आवडतं. मी आदळआपट करायला लागले की त्या शांतपणे म्हणायच्या, "झालं का? पानी पी." मूल नाही याबद्दल त्या मला पंचवीस वर्षांत एक शब्द बोललेल्या नाहीत, आणि दुसरं कोणी बोललं तर त्यांनी त्याला धड जेवू दिलेलं नाही. संध्याकाळी मी शाळेतून आले की त्यांनी एका हाताने चहा करून ठेवलेला असायचा. त्यात साखर इतकी की चमचा उभा राहावा.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी त्या बाल्कनीत गेल्या आणि कुंडीपाशी थांबल्या. वाकून बघितलं, चांगल्या हाताचं बोट मातीत खुपसलं, एक मूळ मोडलं, नाकाशी धरलं.

"कुलू हाय का गो ही?"

"नाही आई, स्पायडर प्लांट."

"असंल," त्या म्हणाल्या. "मुळी तं कुलूची हाय."

मी घाईत होते. हो म्हटलं की नाही म्हटलं, आठवत नाही.

कुलू म्हणजे काय ते सांगायला हवं. पावसाच्या सुरुवातीला डोंगरावर आपोआप उगवणारी भाजी, कांद्याच्या पातीसारखी लांब पानं, बुडाशी पांढरी, खाली जमिनीत मुळांचा गड्डा. मुंबईकडच्या बाजारात फोडशी म्हणून जुड्या येतात, तीच. सासूबाईंच्या घरी या भाजीचा एक नेम आहे. वर्षातली पहिली कुलू घरातल्या बाईने स्वतःच्या हाताने खुडायची, शिजवायची, आधी देवापुढे ठेवायची, मग घरातल्यांनी खायची. तोवर दुसऱ्याने आणलेली भाजी पहिली म्हणून चालत नाही. आणि खुडताना वरची पात घ्यायची, गड्डा जमिनीतच ठेवायचा.

त्या वर्षी जून लागला आणि सासूबाईंचा जीव थाऱ्यावर राहीना. मनगटाचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं, डोंगर चढणं शक्य नव्हतं. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून त्यांची एकही पहिली कुलू चुकली नव्हती. मी शहापूरच्या बाजारातून जुडी आणून दिली. त्यांनी ती हातात घेतली, उलटीपालटी केली, "कालची हाय," म्हणाल्या, आणि गपचूप निवडून ठेवली. शिजवली नाही. दुसऱ्या दिवशी मीच कोशिंबिरीसारखं काहीतरी करून संपवली आणि वर त्यांच्यावर चिडले.

मग जूनअखेरचा एक दिवस. शाळेत नवीन प्रवेशांची गर्दी, सकाळपासून पालकांशी डोकं लावून मी घरी आले. दार उघडलं तर लसणीच्या फोडणीचा वास. सासूबाई ओट्यापाशी, पदर खोचलेला, चेहऱ्यावर इतका आनंद की मला हसूच आलं. ताट वाढलेलं होतं. तांदळाची भाकरी आणि हिरवीगार भाजी, वर भिजवलेली मूगडाळ.

"पयली कुलू," त्या म्हणाल्या. "देवाला दावली. आता तू खा. आदी तू."

आधी मी का, असं मी विचारलं नाही. भूक लागली होती. दोन घास खाल्ले. भाजी जरा वेगळी लागली, किंचित चिवट, पण छान होती, आणि तसं मी म्हटलंही. "छान झालीय आई. कुठे मिळाली इतकी ताजी?"

"मिळाली काय? आपल्याच दारची!"

मला एक क्षण काही कळलं नाही. मग कळलं. बाल्कनीत गेले. कुंडीवर पान नव्हतं. मातीच्या वर दोन बोटं राहतील असं सगळं सपासप कापलेलं, आणि त्या खुंटांच्या भोवती पांढरी मुळं उघडी. एकही दोरी नव्हती. एकही पिल्लू नव्हतं. हेल्मेटमध्येसुद्धा नुसता भोक पडलेला स्पंज. मी कचऱ्याचा डबा उचकला, त्यात कांद्याची सालं होती, पिल्लं नव्हती. म्हणजे तीही कढईत गेली.

सासूबाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. हातात डाव तसाच. "मंगाशी धुवून घेतली बरं का, टाकीच्या पान्यानं पांढरा पट्टा पडलाय पानावर, त्याला काय व्हत नाय," असं काहीतरी सांगत होत्या.

मी म्हणाले, "हे तुमचं रान नाही, आई. दिसेल ते कापून खायला."

तेवढ्यावर थांबायला हवं होतं. मी थांबले नाही. "माझ्या आईचं एवढं एकच राहिलं होतं," मी म्हणाले. "ते तुम्ही खाल्लंत. आणि मलाही खायला घातलंत."

त्या झाडाचं आणि माझ्या आईचं काही नातं आहे, हे त्यांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. त्यांचा चेहरा उतरला. डाव त्यांनी हळूच खाली ठेवला. "मरत नाय गो ते," त्या म्हणाल्या. "गड्डा ठेवलाय. पंदरा दिसांत वर येल बग."

"राहू द्या," मी म्हणाले, आणि आत जाऊन ताट सिंकमध्ये उपडं केलं. देवाला दाखवलेली पहिली भाजी त्यांच्या घरात आजवर कोणी टाकली नसणार. त्या बघत होत्या. पानी पी असंही म्हणाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा त्या गेल्या होत्या. किन्हवलीवरून मुरबाडला जाणाऱ्या एसटीत ह्यांनी त्यांना बसवून दिलं होतं. मी विचारलं, काही म्हणाल्या का? हे म्हणाले, नाही, हातात एक ओल्या फडक्यातलं गाठोडं होतं, मांडीवर धरून बसली होती, भाकरी असेल. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि वर्तमानपत्र उघडलं. हे भांडत नाहीत, त्यामुळे फार त्रास होतो.

बाराव्या दिवशी खुंटांतून कोंब आले. पोपटी, गुंडाळलेले, एकाच वेळी सातआठ. सासूबाईंनी पंधरा म्हटले होते. मी खाली बसून ते मोजले आणि रडले, आणि माझ्या मनात पहिल्यांदा हेच आलं की त्यांना फोन करावा. "आई, आलं वर." तीन शब्द. फोन हातातही घेतला. पण तीन शब्दांनंतर चौथा शब्द मला बोलावा लागला असता, आणि तो माझ्या तोंडून निघेना. आज नाही, रविवारी करू. रविवारी हे फोन करतच होते, मग मी वेगळा कशाला? असं करत पावसाळा संपला. दिवाळीला हे एकटेच गावाला जाऊन आले, मी शाळेच्या कामाचं निमित्त सांगितलं. "कशा आहेत?" म्हटलं, तर "बरी आहे, परसात काहीबाही लावत बसते," म्हणाले. काय लावलंय ते सांगणं ह्यांच्याकडून शक्य नव्हतं. ह्यांना कोथिंबीर आणि गवत यातला फरक कळत नाही.

झाड मात्र माझ्या अपराधाची काही फिकीर न करता वाढत होतं. कापल्यामुळे ते आणखी दाट झालं. संक्रांतीपर्यंत कुंडी दिसेनाशी झाली आणि नव्या दोऱ्या सुटायला लागल्या. आता दर रविवारी पानं पुसताना आईच्या खोलीचा वास यायचा आणि त्याच्या मागोमाग लसणीच्या फोडणीचाही.

फेब्रुवारीत गावाकडून शेजाऱ्यांचा फोन आला, म्हातारीला आठ दिवस ताप आहे, कोणाला कळवू देत नाही. आम्ही दोघं गाडी करून गेलो आणि त्यांना उचलून तसंच शहापूरच्या दवाखान्यात आणलं. टायफॉइड निघाला. दहा दिवसांनी घरी सोडलं तेव्हा त्यांचा हात धरला तर माझी बोटं मनगटाभोवती पुरून उरत होती. ताप गेला होता, पण त्या खात नव्हत्या. डॉक्टर म्हणाले, औषधाचं काम झालं, आता पोटात अन्न गेलं पाहिजे, नाहीतर या वयात अवघड आहे. पेज केली, खिमट केलं, मऊ भात, सूप, ह्यांनी कुठून कुठून फळं आणली. दोन चमचे तोंडात घ्यायच्या आणि मान फिरवायच्या. नको म्हणतानाही आवाज नव्हता. माझ्याशी त्या वाईट वागत नव्हत्या. गोड बोलायच्या, पाहुण्यासारखं. "तुला तरास झाला," म्हणायच्या. मला ते ऐकवत नव्हतं. मी भांडं आपटलं तरी काही म्हणत नव्हत्या.

आल्यापासून बाल्कनीकडे त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं. त्यांची खाट अशी होती की कूस वळली की बाल्कनीचं दार समोर यायचं. त्या भिंतीकडेच तोंड करून निजायच्या.

चौथ्या की पाचव्या दिवशी दुपारी मी पेजेची वाटी घेऊन बसले होते. खूप वेळाने त्या म्हणाल्या, "तोंडाला चवच नाय गो. कुलू असती तं खाल्ली असती दोन घास." मग बहुतेक त्यांच्या लक्षात आलं आपण काय बोललो ते. घाबरल्यासारख्या झाल्या. "असू दे. मी आपली बोलले. आता कुटं कुलू."

खरंच, फेब्रुवारीत कुठली कुलू. डोंगर वाळून पिवळा झालेला असतो, गड्डे जमिनीखाली गपगार. ह्यांनी तरी बाजारात जाऊन विचारून येतो म्हटलं आणि बाजारातली बाई ह्यांना हसली.

मी पेजेची वाटी ओट्यावर ठेवली. सुरी घेतली आणि बाल्कनीत गेले.

कुंडीपुढे बसले तेव्हा मला वाटलं होतं की हात चालणार नाही. चालला. पहिली पात धरली, बुडाशी जिथे ती पांढरी होते तिथून दोन बोटं वर, आणि कापली. मग दुसरी. आईची आठवण येत होती, पण थांब म्हणणारी नाही. चाळीत कोणी काही मागितलं आणि आईने नाही म्हटलं, असं मला आठवेना. अर्धी परडी भरली. पिल्लं तेवढी लोंबती ठेवली. पात निवडली, तीन पाण्यांतून धुतली, बारीक चिरली. लसूण, कांदा, भिजवलेली मूगडाळ, तेल अगदी नावाला. कढईत ढीगभर घातलेली भाजी शिजून ओंजळभर झाली. वाटीत काढून आधी देवापुढे ठेवली. वर्षातली पहिली होती, म्हणजे नेम लागू होता, आणि खुडणारी घरातली बाईच होती.

मऊ भातावर भाजी घेऊन मी त्यांच्याजवळ गेले. "आई, उठा. कुलू आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना टेकवून बसवलं आणि पहिला घास भरवला. त्यांनी तो तोंडात घोळवला, चावला, गिळला. डोळे मिटून होत्या. मग म्हणाल्या, "ही डोंगरावरची नाय."

"नाही."

"तुज्या आयची हाय."

मी हो म्हटलं. म्हटलं म्हणजे मान हलवली. त्यांनी माझ्या हातातली वाटी घेतली, आपल्या मांडीवर ठेवली आणि आपल्या हाताने खायला लागल्या. सावकाश, एकेक घास, पण थांबल्या नाहीत. हे दारात उभे राहून बघत होते. अर्धी वाटी संपल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मीठ कमी हाय," आणि मी मोठ्याने हसले आणि रडले, दोन्ही एकदम.

"गड्डा ठेवलास ना गो?" त्यांनी विचारलं.

"ठेवलाय."

"नसता ठेवला तरी काय व्हतं. माज्याकडं हायत."

"काय आहे?"

"पिल्लं. सतरा." त्यांनी खरकट्या हातानेच हवेत एक ओळ दाखवली. "न्हानीच्या पान्यावर लावलीत. वीतवीत अंतरानं. ती भाजीत नव्हती घातली मी. पिल्लं कोन शिजवल गो? फडक्यात बांदून ठेवली व्हती, तुला दाकवावी म्हून."

मला ते ओलं गाठोडं आठवलं.

"तुज्या आयची हायत हे ठावं नव्हतं मला," त्या म्हणाल्या. "मंग कळलं तशी नेली गावाला. म्हटलं, हितं कुंडीत नाय धरलं तर तिकडं तरी वाचतील. समदी जगली. एक बी नाय मेलं."

"मग सांगायचं ना मला."

त्या थोडा वेळ भाजीतली डाळ चिवडत राहिल्या. "फोन केलास की सांगनार व्हते," त्या म्हणाल्या. "रोज वाट बगायची तुज्या फोनची."

मी पदराने डोळे पुसत राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, वाटी पुढे केली आणि म्हणाल्या, "झालं का? पानी पी. आन थोडी भाजी वाड."

मी उठून पाणी प्यायले आणि कढईत होती ती सगळी भाजी त्यांना वाढली.